लाल दिवा, काळे कुंकू

जुन्या मराठी कुटुंबांच्या संग्रहात १८८० ते १९२० या चार दशकांतली जी छायाचित्रे उरली आहेत, ती ओळीने मांडून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. सुवासिनींच्या कपाळावरचे कुंकू काळे असते. पुरुषांच्या डोक्यावरची पगडी काळी असते. मागे दिसणारे आकाश मात्र कोऱ्या कागदासारखे पांढरे. वर्गात याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘तेव्हा फोटो कृष्णधवल असत.’ उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कृष्णधवल छायाचित्रात लाल रंगाच्या वाट्याला करड्याची एखादी छटा यायला हवी. तो थेट काळाच का व्हावा? आणि निळे आकाश पांढरे का व्हावे? याचे उत्तर काचेवरच्या एका पातळ लेपात आहे. तो लेप कसा होता, कोण करीत होते आणि त्याने आपल्या एकोणिसाव्या शतकाचे चित्र कसे घडवले, हे थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

फिल्म येण्यापूर्वी छायाचित्र काचेवर घेतले जाई. काचेवर चांदीच्या क्षाराचा थर असे आणि प्रकाश पडला की त्या क्षारात बदल होई. पण हा क्षार सगळ्या प्रकाशाला सारखा ओ देत नाही. जांभळा आणि निळा प्रकाश त्याला उत्तम ‘दिसतो’, हिरवा जेमतेम, पिवळा त्याहून कमी आणि लाल जवळजवळ नाहीच. ज्या वस्तूवरून निळा प्रकाश परत येत नाही ती वस्तू अशा काचेच्या लेखी अंधारच. कुंकू लाल म्हणून काळे. हळद पिवळी, तीही काळपट. सोन्याचे दागिने डोळ्यांना झळाळतात, पण छायाचित्रात मंद होतात. नथीतले मोती तेवढे चमकतात. उलट निळे लुगडे फिकट पडते.

गंमत अशी की या दोषावरच सगळा व्यवसाय उभा होता. काचेला लाल दिसत नाही म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई. त्या उजेडात प्लेट उघडावी, औषधात बुडवावी, चित्र उमटताना डोळ्यांनी पाहावे आणि योग्य क्षणी बाहेर काढावे. म्हणजे छायाचित्रकाराला ज्या गुणामुळे दिसत होते, त्याच गुणामुळे कपाळावरचे कुंकू काळे होत होते. हा दिवा आणि ते कुंकू एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि आपल्या छायाचित्रणाच्या इतिहासात या दोहोंची एकत्र नोंद मला तरी क्वचितच आढळली.

महाराष्ट्रात छायाचित्रण लवकर आले. मुंबईत १८५४ साली ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतले आरंभीचे जाणकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर ती व्यवसाय म्हणून पत्करली. हा काळ ओल्या प्लेटचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या या रीतीत काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. सगळे मिळून हाती दहाएक मिनिटे. आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्यामुळे छायाचित्रकाराला अंधारी राहुटी, बाटल्या, पाणी आणि हमाल यांचा सगळा लवाजमा बरोबर न्यावा लागे. अजिंठ्याची चित्रे रंगवण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला तो याच काळात. या ओल्या प्लेटलाही लाल दिसत नसे, हे येथेच सांगून ठेवतो.

कोरड्या प्लेटची कल्पना मांडली ती रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने. सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्याचा त्यांना छंद होता आणि कलोडियनमधल्या ईथरच्या वाफांनी त्यांची प्रकृती बिघडत होती. ८ सप्टेंबर १८७१ रोजी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त त्यांनी एक छोटा लेख लिहिला : कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले, प्रयोग अपुरा आहे, ज्यांना सवड आहे त्यांनी पुढे न्यावा, असा त्याचा सूर. पेटंट घेतले नाही. इतरांनी तो खरोखरच पुढे नेला. १८७८ साली चार्ल्स बेनेट यांनी दाखवून दिले की हा लेप काही दिवस ऊबेत मुरू दिला तर त्याची संवेदनक्षमता कितीतरी पटींनी वाढते. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कारखाने उभे राहिले. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हार्मन यांनी १८७९ साली इल्फर्डला काम सुरू केले. अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन यांनी आणि फ्रान्समध्ये लिआँला ल्युमिएर कुटुंबाने प्लेटी विकायला आरंभ केला. हाताने ड्राय प्लेट करण्याचा मूळ काळ असा जेमतेम दशकभराचा आहे.

आज जगभर काही हौशी मंडळी आणि लहान कार्यशाळा पुन्हा हाताने ड्राय प्लेटी करू लागल्या आहेत. गोव्यातही या शतकात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’सारख्या संस्थेने जुन्या छायाचित्रणपद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या. या कामाला नुसता गतकाळाचा उमाळा म्हणून हसण्यात अर्थ नाही. कृती एकदा समजून घेतली की जुने छायाचित्र वाचण्याची पद्धतच बदलते.

आधी काच. खडूची पूड आणि स्पिरिट लावून ती इतकी घासायची की पाणी ओतले तर थेंब न थांबता सपाट पसरावे. बोटाचा ठसा राहिला तर लेप तेथूनच सुटतो. मग जिलेटिन थंड पाण्यात फुगवून मंद आचेवर विरघळवायचे आणि त्यात पोटॅशियम ब्रोमाइड घालायचे. येथवर उजेड चालतो. पुढचे सगळे लाल दिव्यात. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण त्या ऊन जिलेटिनमध्ये थेंबाथेंबाने सोडत ढवळत राहायचे. मिश्रण दुधासारखे होते. हा चांदीचा ब्रोमाइड क्षार, आणि जिलेटिनमुळे तो तळाशी न बसता सर्वत्र सारखा पसरून राहतो. मग ते ऊबेत मुरवायचे. नंतर थंड करून घट्ट वडीसारखे जमू द्यायचे आणि जाळीतून दाबून त्याच्या शेवया पाडायच्या. होय, शेवयाच, दुसरा शब्द तेथे चपखल बसत नाही. त्या शेवया गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्या की नको असलेला क्षार निघून जातो. धुतलेला लेप परत वितळवून काचेवर ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून तो पसरवायचा आणि समपातळीत ठेवलेल्या थंड संगमरवरावर काच टेकवायची. लेप गोठला की पूर्ण अंधारात, धूळ नसलेल्या कपाटात रात्रभर वाळवण. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटाला लागला तर डाग दुसऱ्या दिवशी काळा होतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही.

या कृतीतले जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला सरस. त्याची शुद्धाशुद्धता हा वेगळाच विषय आहे. सदाशिव पेठेतल्या ज्या सोवळ्या घरांत देवघराशेजारी वडिलांची तसबीर टांगली जाई, त्या तसबिरीच्या मुळाशी गुराढोरांच्या हाडांचा हा सरस होता, याची जाणीव त्या घरांना होती किंवा नव्हती यावर एखादी चांगली कथा होऊ शकेल. त्यातही आणखी एक मौज आहे. काही जिलेटिनने प्लेट चपळ होते आणि काहींनी मंद, याचे कोडे कारखानदारांना अनेक वर्षे सुटत नव्हते. १९२५ साली कोडॅकचे संशोधक सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले की जिलेटिनमधल्या सूक्ष्म गंधकयुक्त द्रव्यांमुळे हा फरक पडतो, आणि ती द्रव्ये मोहरीच्या जातीच्या वनस्पतींत असतात. गुरांनी मोहरी खाल्ली म्हणून छायाचित्र लवकर उमटले, असा हा प्रकार.

पुण्यामुंबईत ही प्लेट करण्याचा उद्योग मात्र रुजला नाही. प्लेटी बोटीतून, पेटीबंद येत. फोटोच्या आकाराला ‘फुल प्लेट’, ‘हाफ प्लेट’ असे म्हणण्याची आपल्या फोटो स्टुडिओंची सवय त्याच पेट्यांची खूण आहे. साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच ती फुल प्लेट. काच इतिहासजमा झाली तरी शब्द कागदाला चिकटून राहिला. भारतात फिल्म आणि कागद तयार करण्यासाठी उटीला सरकारी कारखाना स्थापन झाला तो थेट १९६० साली. त्यामुळे प्लेटने काय पाहावे आणि काय पाहू नये हा निर्णय नेहमीच इल्फर्डला किंवा रॉचेस्टरला होत आला. ज्या देशात निम्म्या चित्रविषयांच्या कपाळावर लाल ठिपका आहे, त्या देशाची गरज त्या निर्णयात कोठेच नव्हती.

आपल्याकडे उरले ते डार्करूमचे काम, आणि तेही सोपे नव्हते. जिलेटिन साधारण तिशी ओलांडलेल्या पाण्यात मऊ पडू लागते. पुण्याच्या वैशाखात औषधात टाकलेली प्लेट काठाने सुटून झालरीसारखी लोंबू लागे. मग तुरटीच्या पाण्याने लेप आवळून घेणे, रांजणातले गार पाणी वापरणे आणि काम रात्री उशिरा किंवा पहाटे उरकणे हेच उपाय. वाड्यांमध्ये अंधाऱ्या खोल्यांची मात्र उणीव नव्हती. कोठीची खोली होती, बाळंतिणीची खोली होती. ज्या खोलीत मूल जन्मले तिथेच पुढे त्याचे चित्र उमटावे, हे सहज घडण्याजोगे होते.

पुण्यात ड्राय प्लेटचा सर्वांत गंभीर वापर झाला तो कौटुंबिक चित्रांसाठी नाही. सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या आवारात, १८८८ पासून एक वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली म्हणून तिचे नाव ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’. ती चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पुण्याला आले आणि निवृत्तीपर्यंत वेधशाळेचा भार त्यांनी वाहिला. ते निवृत्त झाले त्या १९१२ साली वेधशाळाही बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. वीस इंची आरशाची दुर्बीण आजही ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संस्था मिटते, हे पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात एकदाच घडलेले नाही. असो.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून सोलापूर जिल्ह्यामार्गे ईशान्येला जात होता. नायगमवाला यांनी करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांचाही तळ जेऊरलाच होता. वऱ्हाडच्या बाजूला तळणी येथे अ‍ॅनी मॉन्डर यांनी स्वतःच्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब किरणशलाकेसारखा भाग टिपला. आणि विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर होते. हे दिवस कसले होते हे आठवावे : पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडचा खून होऊन बरोबर सात महिने झाले होते. अशा वेळी सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी काचेच्या पेट्या घेऊन ही माणसे माळावर उतरली.

जेऊरच्या कामाचा मुख्य विषय वर्णपट हा होता. खग्रास होताना क्षणभर सूर्याच्या कडेवरचा पातळ थर उघडा पडतो आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा टिपता येतात. डोळ्यांना तो थर आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वाला लालसर दिसतात. पण साध्या ड्राय प्लेटला तो लाल प्रकाश दिसतच नाही. तिने जे टिपले ते त्याच ज्वालांमधून येणाऱ्या निळ्या-जांभळ्या रेषांच्या आधारे. खगोलशास्त्रज्ञांना हे पक्के ठाऊक असे. आपली प्लेट कोणता प्रकाश पाहते आणि कोणता गाळते हे ध्यानात ठेवूनच ते चित्राचा अर्थ लावीत. कुटुंबाचे चित्र काढताना हा हिशेब कोणीच मांडला नाही, आणि ते चित्र नंतर वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनीही.

विजयदुर्गाचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा. लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरूनच हेलियमचा शोध लावला, अशी समजूत कोकणात दृढ आहे. त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबरमध्ये तेथूनच त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली. १८६८ चे ग्रहण एडन येथून पाहणाऱ्या जर्मन तुकडीत हेर्मान फोगेल नावाचे रसायनतज्ज्ञ होते, आणि आपल्या विषयाला लॉकयरपेक्षा तेच जवळचे. १८७३ साली फोगेल यांना इंग्लंडहून आलेल्या काही प्लेटी हिरव्या प्रकाशालाही ओ देताना आढळल्या. कारण शोधता कळले की चकाकी टाळण्यासाठी त्या प्लेटींत एक पिवळा रंग मिसळलेला होता. योग्य रंग मिसळला तर प्लेटला नवे डोळे फुटतात, हा शोध असा अपघाताने लागला. १८८० नंतर हिरवा-पिवळा पाहणाऱ्या प्लेटी बाजारात आल्या. लालही पाहणाऱ्या प्लेटी इंग्लंडच्या ‘रॅटन अँड वेनराइट’ने १९०६ साली विकायला काढल्या.

मग कुंकू काळे राहण्याचे कारण उरले नव्हते. तरी ते पुढे कित्येक वर्षे काळेच राहिले. कारण लाल पाहणाऱ्या प्लेटीसमोर लाल दिवा लावता येत नाही. ती पूर्ण काळोखात, घड्याळाच्या काट्यावर विसंबून धुवावी लागते. ज्या कारागिराने आयुष्यभर चित्र डोळ्यांदेखत उमटवले त्याला हे आंधळे काम कसे रुचावे? चेहऱ्याची चित्रे काढणारे स्टुडिओ जुन्याच प्लेटींना धरून राहिले. त्यावर तोडगाही होता. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरा उजळायचा, आणि छापील चित्रावर रंगाचा हात फिरवताना कपाळावर लाल ठिपका काढायचा. हाताने रंगवलेल्या जुन्या तसबिरींतले कुंकू इतके ठसठशीत का, याचे हेही एक कारण आहे. रंगारी खालचा काळा डाग झाकत होता.

चेहरा उजळण्याची गरज का पडे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या कातडीचा सावळा वर्ण उबदार असतो. त्यातून निळा प्रकाश थोडाच परत येतो. त्यामुळे साधी प्लेट सावळ्या माणसाला प्रत्यक्षाहून काळा दाखवते. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ ही आठ खंडांची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली आणि तिच्या मजकुरात माणसांच्या वर्णाची, चेहरेपट्टीची सर्रास वर्णने केली. ती चित्रे ओल्या प्लेटींवरची, म्हणजे लालपिवळ्याला आंधळी. जातींचे आणि जमातींचे रंग मांडणाऱ्या या साहित्याचा उपयोग करताना आपण भाषेतला पूर्वग्रह शोधतो. काचेतलाही शोधायला हवा. तो कोणी हेतुपूर्वक घातलेला नव्हता, पण होता.

यापुढचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विधवेचे आलवण तांबडे असे. सुवासिनीची चंद्रकळा काळी असे. समाजाने हे दोन रंग एकमेकांपासून जितके दूर ठेवले होते तितके क्वचितच दुसरे काही ठेवले असेल. पण साध्या ड्राय प्लेटवर तांबडे आलवण आणि काळी चंद्रकळा एकाच गडद छटेची होतात. कपाळाकडे पाहावे तर तेथेही खात्री नाही. उन्हाने रापलेल्या सावळ्या कपाळावर बारीक कुंकू असेल, तर काळपट कातडीवरचा काळा ठिपका छापील चित्रात, त्यातही पुनर्मुद्रणाच्या पुनर्मुद्रणात, विरून जातो. स्त्रीशिक्षणाच्या किंवा विधवाश्रमांच्या इतिहासावर लिहिताना आपण जुनी समूहचित्रे छापतो आणि खाली ओळ देतो : ‘काळ्या साडीतील अमुक.’ ती साडी तांबडी असू शकते. ती बाई सुवासिनी नसून विधवा असू शकते, किंवा याच्या उलटही. आत्मचरित्रे, पत्रे, संस्थांचे अहवाल यांत वस्त्राचा रंग लिहिलेला सापडला तर तो छायाचित्राहून अधिक विश्वासार्ह पुरावा आहे. ‘फोटो खोटे बोलत नाही’ असे मानणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण येथे लिहिलेला शब्द चित्रावर मात करतो.

याच लाल दिव्याखाली घडलेली एक गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. दादासाहेब फाळके हे चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते आधी ड्राय प्लेटच्या जगातले कारागीर होते. बडोद्याच्या कलाभवनात गज्जर यांच्या हाताखाली त्यांना छायाचित्रणाची साधने मिळाली. रतलामला ब्लॉक तयार करण्याचे आणि डार्करूममधील छपाईचे शिक्षण झाले. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला, तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला पुन्हा धंदा मांडला तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीने लोक फिरकेनात. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. या खात्याच्या पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात होते आणि हेन्री कझिन्स त्याचे प्रमुख होते. विजापूरच्या आणि दख्खनच्या देवळांची काचेवरची चित्रे ही त्या विभागाची मोठी कमाई. पाषाणाच्या बाबतीत प्लेटचा आंधळेपणा फारसा आड येत नाही, कारण आपला काळा दगड मुळातच रंगाने उदासीन. अजिंठ्याची भित्तिचित्रे मात्र गेरूच्या लालपिवळ्या रंगांतली. तेथे ही काच निरुपयोगी, आणि जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्स यांना विद्यार्थ्यांसह १८७२ पासून कितीतरी हंगाम बसून ती हाताने उतरवावी लागली.

१९१२ साली लंडनहून फाळके कॅमेरा, छपाईचे यंत्र आणि भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. तेव्हाची कच्ची फिल्म बिनभोकांची येई. तिच्या दोन्ही कडांना भोके पाडल्याशिवाय ती यंत्रात सरकत नसे, आणि हे काम उजेडात करणे शक्य नव्हते. दादरच्या घरी रात्री ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. दिवसा चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री भोके पाडणे, फिल्म धुणे, रसायने कालवणे. मुले लहान होती. दागिने आधीच धंद्यात गेले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट. निगेटिव्हचा प्रत्येक फूट त्या अंधाऱ्या खोलीतून गेलेला. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळके यांनी आपली हकिकत लिहिली. सरस्वतीबाईंनी स्वतः लिहिलेले असे काही आपल्या हाती नाही. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात असायला हवे, ते ‘पतीला साथ देणारी पत्नी’ या सदरात अडकून पडले. डार्करूमचे काम हे घरकामासारखेच आहे : पाणी, मापे, वाळवण, राखण. ते केले तर दिसत नाही, बिघडले तरच दिसते. म्हणूनही ते इतिहासात आले नसावे.

भाषेने मात्र हे काम आपल्या परीने टिपले आहे. मराठीत फोटो ‘काढतात’, जसे चित्र किंवा रांगोळी काढतात. रोल ‘धुवायला टाकतात’, जसे कपडे. आणि माणसाचा फोटो ‘चांगला येतो’ किंवा ‘येत नाही’. ही शेवटची लकब विशेष आहे. ‘मी फोटोत काळी येते’ असे म्हणणाऱ्या बाईने दोष स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. काढणारा, धुणारा, काच बनवणारा, सगळे त्या वाक्यातून सुटतात. काही पिढ्यांपूर्वी तिच्या पणजीने हेच वाक्य उच्चारले असेल तर तिला कोणी सांगायला हवे होते की बाई, ती काचच तशी आहे.

ज्यांना हे पडताळून पाहायचे आहे त्यांना प्लेट तयार करण्याचीही गरज नाही. कुंकू, हळद, तांबडे कापड, काळे कापड आणि निळे कापड शेजारी ठेवून साध्या डिजिटल कॅमेऱ्याने चित्र घ्यावे आणि संगणकावर त्याचा फक्त निळा भाग वेगळा करून पाहावा. तांबडे आणि काळे कापड एकमेकांत मिसळतील, निळे पांढरट होईल. वर्गात दहा मिनिटांत होणारा प्रयोग आहे. तो केल्यावर विद्यार्थ्यांपुढे त्यांच्याच घरातले एखादे जुने छायाचित्र ठेवावे आणि त्याचे वर्णन लिहायला सांगावे.

संग्रहालये आणि ग्रंथालये जुन्या काचा व छायाचित्रे आता संगणकात उतरवून घेत आहेत. प्रत्येक चित्राला वर्णनाची एक ओळ जोडली जाते आणि पुढचे संशोधक चित्राआधी ती ओळच शोधतात. तेथे ‘काळी साडी’, ‘काळी पगडी’ असे न लिहिता ‘गडद साडी’, ‘गडद पगडी’ एवढेच लिहावे, आणि चित्र कोणत्या प्रकारच्या प्लेटवर घेतले आहे ते कळत असेल तर शेजारी नोंदवावे. ‘कुंकू नाही’ असे तर मूळ काच भिंगाखाली पाहिल्याशिवाय लिहूच नये.